रिपोर्टमधला 'ट्रेस' आणि आपले गप्प बसणे



मागच्या आठवड्यात दर्शन करून मंदिराच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा एका मैत्रिणीने मला बाजूला घेतले. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि इकडे तिकडे बघत माझ्या हातात दिला. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. हे जरा बघा ना. पण कुणाला सांगू नका."

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. 'ब्लड' या शब्दापुढे 'ट्रेस' असे छापलेले होते. तिने मोबाइलवर शोधले, तिथे पहिल्याच ओळीत कॅन्सर हा शब्द वाचला आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याला सांगितले नव्हते, मुलाला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सांगितले कुणाला, तर मला. मी बी.कॉम. आहे, तेही १९८१ सालची. डॉक्टर नाही.

तिला मी एवढेच म्हटले, "आज संध्याकाळी हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. घाबरून जाऊ नकोस, पण जा मात्र नक्की." घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. कारण या एका शब्दाशी आमच्या घराचे दोन वेळा नाते आले आहे. एकदा त्यातून काहीच निघाले नाही आणि एकदा सगळेच हातातून गेले. दोन्ही गोष्टी आज तुम्हाला सांगते.

आधी माझी. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. त्यात माझ्याही रिपोर्टात 'ट्रेस' आले. मला काहीही त्रास नव्हता. लघवीचा रंग साधा, जळजळ नाही, ताप नाही. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि विचारले, "बीट खाल्ले होते का?" मी म्हटले, "बाई, आमच्यात कंदमुळे खात नाहीत." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचे एक बरे आहे. तुमच्या घरात लघवी लाल दिसली तर बिटावर ढकलता येणार नाही." बोलणे गमतीचे होते, पण लक्षात ठेवण्यासारखे आहे. बिटाने काही जणांची लघवी लालसर होते, क्षयरोगावरच्या एका औषधाने नारिंगी होते. जिच्या ताटात बीट नाही आणि जिला असले औषध चालू नाही, तिने लाल रंगाला बहाणा शोधू नये.

मग त्यांनी मला 'ट्रेस' म्हणजे काय ते समजावले. मला समजले तसे सांगते.

लॅबमध्ये लघवीत एक पट्टी बुडवतात. तिच्यावर छोटे छोटे रंगीत चौकोन असतात. एक साखरेसाठी, एक प्रोटीनसाठी, एक रक्तासाठी, असे. रक्ताच्या चौकोनाचा रंग किती बदलला यावरून ट्रेस, १+, २+, ३+ असे लिहितात. ट्रेस म्हणजे अगदी पुसटसा बदल. पण ही पट्टी प्रत्यक्ष रक्तपेशी बघत नाही. रक्ताला लाल करणारे जे द्रव्य असते त्याची रासायनिक खूण ती पकडते. त्यामुळे पेशी फुटून ते द्रव्य नुसते लघवीत आले असले तरी पट्टी रंगते. पडून-धडपडून किंवा फार अंगमेहनतीने स्नायूंना मार बसला तर स्नायूंतले तसलेच द्रव्य लघवीत उतरते, त्यानेही रंगते. बाटली ब्लीचने धुतलेली असेल तरी रंगते. उलट क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर रक्त असूनही पट्टी कोरी राहू शकते.

म्हणून पट्टीच्या निकालावर थांबायचे नसते. तीच लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघून तांबड्या पेशी मोजायच्या असतात. रिपोर्टात खाली 'आरबीसी' असे लिहून पुढे 'पर एचपीएफ' असते. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी जेवढा भाग दिसतो तेवढ्यात किती पेशी दिसल्या, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या मूत्रविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली जे नियम ठरवले, त्यांत अशा एका भागात ३ किंवा त्याहून जास्त पेशी दिसल्या तरच 'लघवीत रक्त आहे' असे म्हणतात आणि नुसत्या पट्टीवरून तसे ठरवू नये असे स्पष्ट सांगतात. इंग्लंडमध्ये तर 'ट्रेस' हा शब्द नाही असाच धरून १+ पासून पुढे दखल घ्यायची, असे तिथल्या तज्ज्ञांनी २००८ साली ठरवले.

मला हे ऐकताना कॉलेजातली तेरीज आठवली. आमच्या दुकानाची कीर्द-खतावणी मी वीस वर्षे लिहिली. तेरीज मांडली आणि दोन बाजूंत साडेचार रुपयांचा फरक आला, तर त्याचा अर्थ मुनीमजींनी चोरी केली असा होत नाही. बहुतेक वेळा एखादा आकडा उलटा लिहिलेला असतो. पण म्हणून फरक तसाच सस्पेन्स खात्यात टाकून वर्षानुवर्षे पुढे ओढायचा का? नाही. एकदा बसून व्हाउचर तपासायचे, चूक सापडली की खाते बंद करायचे. 'ट्रेस' हा असा साडेचार रुपयांचा फरक आहे. त्याने आरडाओरडा करायचे कारण नाही आणि कपाटात ठेवून विसरायचेही कारण नाही.

माझे व्हाउचर असे तपासले गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा लघवी दिली, या वेळी नीट पद्धतीने. सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी नाही. प्रोटीन नाही, रक्तदाब ठीक, क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिला नमुना बहुधा नीट घेतला गेला नव्हता." खाते बंद.

'नीट पद्धत' म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगतच नाही. लॅबमधला मुलगा हातात डबी देतो आणि आपण लाजून काही न विचारता बाथरूममध्ये जातो. तर ऐका. हात धुवावेत. जागा साध्या पाण्याने धुऊन पुसावी, डेटॉल वगैरे लावू नये. लघवीची सुरुवातीची धार जाऊ द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, शेवटची पुन्हा जाऊ द्यावी. डबी लॅबचीच, कोरी घ्यावी. घरातली मुरांब्याची बाटली धुऊन तीत नमुना नेण्याची आपली जुनी खोड आहे, ती सोडावी. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचावा. सकाळी सहाला घेतलेला नमुना दुपारी बारापर्यंत तसाच राहिला तर त्यातल्या पेशी फुटतात आणि निकाल बिघडतो. ज्यांची पाळी चालू आहे त्या सुना-लेकींनी ते दिवस संपून थोडे दिवस जाऊ द्यावेत आणि मग तपासणी करावी, नाहीतर रक्त दिसणारच. आणि उपवासाच्या दिवशी नमुना दिला असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. पाणी न पिता केलेल्या उपवासात लघवी घट्ट होते, कीटोन दिसू शकतात. ते बघून सगळेच उगीच गोंधळतात.

रिपोर्टातल्या इतर ओळीही वाचायला शिकावे. 'एपिथेलियल सेल्स' पुष्कळ असतील तर बाहेरच्या त्वचेच्या पेशी मिसळल्या, नमुना नीट घेतला गेला नाही, अशी शंका घ्यावी. 'पस सेल्स' वाढल्या असतील आणि जळजळ, वारंवार लघवी लागणे असे काही असेल तर इन्फेक्शनचा विचार होतो. रक्ताबरोबर प्रोटीनही असेल, 'कास्ट' असे लिहिले असेल, पाय सुजत असतील, रक्तदाब वाढला असेल, तर गाळणी करणाऱ्या मूत्रपिंडालाच सूज असू शकते आणि मग किडनीच्या डॉक्टरांकडे जावे लागते. कंबरेपासून जांघेकडे कळा येत असतील तर मुतखडा असेल. आपल्या वयात पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, तीही थोडी रक्ताळते. यातले बहुतेक सगळे बरे होणारे आहे. नेमके काय आहे ते कागदावरून मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. कागद वाचता यावा तो डॉक्टरांना नीट विचारता यावे म्हणून. स्वतःचा निकाल स्वतः लावण्यासाठी तो नाही.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला जड जाते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणत असू. त्रेसष्ट वर्षांच्या होत्या तेव्हाची, नऊ वर्षांपूर्वीची ही हकीकत. अक्का म्हणजे आमच्या घराचा कणा. पहाटे उठून पाणी गाळायचे, शुद्ध वस्त्र नेसून अभिषेकाला जायचे, गावात मुनी महाराज आले की आहाराचा चौका लावायचा, सगळे त्यांच्या हाताने. त्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण सुरू झाले आणि तिसऱ्या दिवसापासून अक्का मंदिरात येईनात. "गुडघे धरलेत गं," म्हणाल्या. चार दिवसांनी पुन्हा येऊ लागल्या. आम्हीही विसरलो.

दिवाळीनंतर त्या एकदा म्हणाल्या, "उन्हाळी लागलीय." धने-जिऱ्याचे पाणी प्यायल्या, शहाळी प्यायल्या, मेडिकलमधून पाच गोळ्यांचे पाकीट आणले. बरे वाटले. संक्रांतीला पुन्हा तेच, पुन्हा तेच पाकीट. होळीला पुन्हा. प्रत्येक वेळी गोळ्यांनी गुण आला असे त्यांना वाटले. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी त्यांच्यानंतर मी बाथरूममध्ये गेले आणि मला रक्ताची गुठळी दिसली. नीट धुऊन जायची राहिली होती. मी बाहेर येऊन विचारले तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सोनोग्राफी झाली. मूत्राशयात गाठ होती. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला आणि तो मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी विचारले, "आजी, पहिल्यांदा रंग कधी दिसला होता?" अक्का खाली बघत म्हणाल्या, "पर्युषणात." म्हणजे आठ महिने आधी. गुडघे दुखले म्हणाल्या होत्या ते हेच.

मूत्राशय काढावे लागले. लघवीसाठी पोटावर पिशवी आली. त्यानंतर त्या साडेतीन वर्षे जगल्या.

एकदा रात्री त्यांच्याजवळ बसले असताना मी विचारलेच, "अक्का, तेव्हा का नाही सांगितले?" त्या म्हणाल्या, "मला वाटले जुनी अडचणच परत आली. दुखत काहीच नव्हते. देवाच्या दिवसांत हे कुणाला सांगू? चार दिवस बाजूला बसले, आपोआप थांबले. मग सांगण्यासारखे राहिलेच काय?"

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण त्यात अक्कांची चूक मला दिसत नाही. आपण सगळ्याजणींनी बाराव्या-तेराव्या वर्षी जे शिकलो तेच त्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी केले. रक्त दिसले की बाजूला व्हायचे, पुरुषांना कळू द्यायचे नाही, चार दिवस गेले की डोक्यावरून पाणी घेऊन कामाला लागायचे. चाळीस वर्षे ही सवय अंगात मुरली. पाळी गेली, पण सवय राहिली.

शुद्धीच्या नियमांबद्दल मी इथे वाद घालत नाही. ज्या घरात जे पाळतात ते पाळावे. मीही माझ्या सासूबाईंनी शिकवले ते पाळले. माझे म्हणणे एवढेच की मंदिरापासून चार दिवस दूर राहणे ही एक गोष्ट आणि तोंड मिटून बसणे ही वेगळी गोष्ट. पहिली आपल्या आचाराचा भाग असेल. दुसरी कुठल्याही शास्त्रात सांगितलेली मी तरी वाचली नाही. आपणच दोन्हींची गाठ मारून ठेवली आहे. ती सोडवायला हवी.

एका नातेवाईक बाईंनी अक्कांच्या आजारात म्हटले, "असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, शांतपणे भोगले की निर्जरा होते." मी त्यांना तेव्हा उलट उत्तर दिले नाही, आज देते. कर्माचा उदय असतो हे मीही मानते. पण आपल्याच धर्माने चार दाने सांगितली आहेत, आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. औषध देणे हे पुण्य असेल तर औषध घेणे हा अधर्म कसा होईल? आजारी मुनींची वैयावृत्त्य करायला आपण धावतो, त्यांच्या खोकल्याची बातमी गावभर होते. मग घरातल्या बाईच्या दुखण्याचीच चर्चा करायला एवढी लाज का? समताभाव हा जे टळत नाही त्यासाठी आहे. जे तपासून कळते त्याला डोळे झाकून राहणे म्हणजे समता नव्हे, आळस आहे किंवा भीती आहे.

बारा भावनांमध्ये अशुचि भावना आहे. शरीर मळाने भरलेले आहे, त्याचा मोह धरू नये, असे ती सांगते. ते स्त्री-पुरुष सगळ्यांच्या शरीराबद्दल सांगितले आहे. त्याचा अर्थ बाईने आपल्या शरीराची लाज धरावी असा आपण कधी करून घेतला कुणास ठाऊक. आणि आलोचना म्हणजे काय हे तर आपल्याला नव्याने सांगायला नको. गुरूंपुढे काहीही न लपवता, जसे घडले तसे, क्रमाने सांगायचे. अर्धे लपवले तर ती आलोचना होत नाही. डॉक्टरांपुढेही असेच बसावे. रंग कोणता होता, कधी दिसला, किती वेळा, गुठळ्या होत्या का, दुखले का. 'थोडा त्रास होतो' एवढे बोलून गप्प बसू नये.

अक्कांच्या डॉक्टरांकडून मी जे शिकले ते आता थोडक्यात सांगते.

पहिले, डोळ्यांना दिसणारे रक्त आणि पट्टीवरचा ट्रेस या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ट्रेस असेल तर आधी सूक्ष्मदर्शकाची तपासणी आणि गरज पडल्यास पुन्हा नमुना. पण लघवी एकदा जरी गुलाबी, लाल किंवा चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी दिसली, तरी डॉक्टरांकडे जायचेच. आपोआप थांबली म्हणून सुटलो असे नाही. मूत्राशयाच्या गाठीचा स्वभावच असा असतो की मधूनच रक्त येते, थांबते, महिनोन्महिने काही दिसत नाही. आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून आपण निश्चिंत होतो, तिथेच फसतो.

दुसरे, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसले तर ते कुठल्याही मार्गाचे असो, 'अडचण परत आली' असे कधीच समजायचे नाही. लघवीचे आहे की गर्भाशयाचे हे आपल्याला पुष्कळदा कळत नाही. ते शोधणे डॉक्टरांचे काम आहे.

तिसरे, उन्हाळी म्हणून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचे कल्चर करायला द्यावे, दोन-तीन दिवसांत निकाल येतो, जंतू आहेत की नाहीत आणि कोणते औषध चालेल हे कळते. इन्फेक्शन निघाले तर पूर्ण औषध घ्यावे आणि संपल्यावर पुन्हा एकदा लघवी तपासून रक्त गेले याची खात्री करावी. हे शेवटचे पाऊल आपण सगळ्याजणी चुकवतो. अक्कांचे कल्चर एकदाही झाले नव्हते. बाईला लघवीचा त्रास म्हणजे इन्फेक्शन, असे घरचे समजतात, दुकानदार समजतो, कधी कधी डॉक्टरही समजतात. पुरुषाच्या लघवीत रक्त दिसले तर घर हादरते. बाईचे असेल तर गोळी मिळते. म्हणून आपणच विचारायचे, "डॉक्टर, कल्चर करूया का? रक्त गेले का ते पुन्हा बघूया का?"

चौथे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे म्हणून आले असेल, असे स्वतः ठरवू नये. गोळी चालू असली तरी तपासणी तेवढीच करायची असते. आणि ती गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही.

पाचवे, 'आपल्या घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नाही' यावर विसंबू नये. मूत्राशयाच्या कॅन्सरचे सगळ्यात मोठे कारण धूम्रपान आहे हे खरे, पण अक्कांनी जन्मात विडी पाहिली नव्हती. कापडाच्या काही रंगांतल्या रसायनांशी वर्षानुवर्षे संबंध येणे हेही एक कारण आहे. जर्मनीत लुडविग रेन नावाच्या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये हे १८९५ सालीच दाखवून दिले होते. इचलकरंजी-सोलापूरकडे आपल्यातली कितीतरी घरे सूत-कापडाच्या धंद्यात आहेत. ज्यांच्या घरी रंगाचे काम होते किंवा आहे, त्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावे.

सहावे, ताप-थंडी वाजून कुशीत दुखत असेल, गुठळ्या पडत असतील किंवा लघवी अडली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आता पाण्याबद्दल, कारण हा आपला घरचा विषय आहे. सूर्यास्तानंतर पाणी नाही असा नियम असणाऱ्या पुष्कळ जणी दिवसाही पाणी पीत नाहीत. सकाळी पूजा, मग स्वयंपाक, मग दुकानाचा डबा, आणि लक्षात येते तोवर सूर्य कलतो. कुठे लग्नाला, यात्रेला जायचे असेल तर लघवीला जागा मिळणार नाही म्हणून मुद्दाम पीत नाही. मुतखड्याला हेच आमंत्रण आहे. ज्यांना एकदा खडा झाला त्यांना दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्या असे डॉक्टर सांगतात. नियम मोडू नका, पण दिवस आपल्या हातात आहे. मी सकाळी गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरून स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर ठेवते आणि दुपारच्या आत संपवते. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि ज्यांच्या रिपोर्टात काही सापडले आहे, त्यांनी चातुर्मासाचे उपवास, एकासने ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे आणि मग महाराजांशी किंवा माताजींशीही मोकळेपणाने बोलावे. सोळाकारण भावनांमध्ये तप सांगितले आहे ते शक्तीनुसार. 'शक्तितस्तप' हा शब्द आपण दरवर्षी म्हणतो, पण त्यातला पहिला अर्धा भाग सोईस्करपणे विसरतो. औषधांचेही तेच. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राण्यांपासून बनवलेल्या जिलेटिनचे असते, म्हणून काही जणी औषधच घेत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. त्यापेक्षा सरळ विचारावे, "गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळेल का?" अनेकदा मिळते. न विचारता औषध सोडणे यात ना अहिंसा आहे ना शहाणपण.

शेवटी अक्कांबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. पिशवी आल्यावर त्या मंदिरात येईनाशा झाल्या. आहाराचा चौका तर सोडूनच दिला. कुणी त्यांना येऊ नका म्हटले नव्हते, पण या म्हणूनही कुणी म्हटले नव्हते. त्या घरात बसून जप करत. एकदा मी त्यांना म्हटले, "अक्का, आपल्या पूजेच्या सुरुवातीलाच म्हणतो ना, पवित्र असो की अपवित्र, कोणत्याही अवस्थेत पंचनमस्काराचे ध्यान करता येते." त्या म्हणाल्या, "म्हणतो गं. पण म्हणणारे सगळे मनाने मान्य करतात का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात घालून मंदिरात नेले. दारातल्या खांबाला टेकून बसल्या. दोन-चार बायका येऊन जवळ बसल्या. त्यानंतर त्या शेवटपर्यंत दर रविवारी येत होत्या.

आधी आल्या असत्या तर अक्का वाचल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, "खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. पण गाठ वरच्या थरात असताना सापडली तर पुष्कळदा दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते, मूत्राशय राहते." आठ महिन्यांची किंमत काय झाली असती ते मला मांडता येत नाही. माझ्या हिशेबाच्या वहीत तो एक फरक कायमचा राहिला आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. वर्षातून एकदा, चातुर्मास सुरू होण्याआधी म्हणा, नवऱ्याची शुगर तपासायला जाल तेव्हा स्वतःची लघवी आणि रक्तदाबही तपासून घ्या. शे-दोनशे रुपयांचे काम आहे. रिपोर्ट कपाटात साड्यांखाली ठेवू नका, फाईलला लावा, तारीख घाला. घरातल्या एका तरी माणसाला दाखवा. सुनेला दाखवलात तर अधिक चांगले, तिलाही कळेल की या घरात असे बोलता येते. आणि मंदिरात एखादी बाई चार दिवस दिसली नाही, गुडघे दुखतात म्हणाली, तर तिच्या घरी जा. चहा-पाण्याचे निमित्त काढा. जवळ बसा आणि हळूच विचारा, "नुसते गुडघेच ना गं?"

ती पायऱ्यांवर भेटलेली मैत्रीण काल डॉक्टरांकडे जाऊन आली. मधल्या धारेचा नमुना पुन्हा दिला आहे, सोमवारी रिपोर्ट येईल. या वेळी तिने नवऱ्यालाही बरोबर नेले होते. काय निघेल ते निघो. आता ती एकटी नाही.

जय जिनेंद्र.